आत्यानं करंट घेतला

आमच्या हिच्या आत्याइतकं विजेला मान देणारं माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात दुसरं सापडणार नाही. देवळासमोरून जाताना ती चालता चालता हात जोडते. पण विजेची डीपी आडवी आली की आधी थांबते, पदर खोचते, चपला पायात नीट बसल्यात का ते बघते आणि मग रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेनं, वेळ पडली तर लोकांच्या कांद्यातून, वळसा घालून जाते. न्हावऱ्याच्या तिच्या घरात प्रत्येक बटणाशेजारी सुतळीनं एक वाळकी काडी टांगलेली असते. बटण बोटानं दाबायचं नाही, काडीनं दाबायचं. फ्रिज उघडायचा तो हात कोरडे करून आणि गोणपाटावर उभं राहून. शिरूरला आमच्याकडे आली की दाराची बेल ती कधीच वाजवत नाही. फाटकाशी उभी राहून "जावईऽऽ" अशी हाक मारते आणि आमच्या आधी गल्लीतले इतर तीन-चार जावई बाहेर येतात.

लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला गेलो, तेव्हाची गोष्ट. हात धुतले आणि तसाच ओल्या बोटानं पंखा लावला. आत्यानं अशी आरोळी ठोकली, की बिबट्या आला समजून शेजारचे लोक काठ्या घेऊन धावत आले. खरा प्रकार कळल्यावर त्यातल्या एकानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "पाव्हणं, बिबट्या परवडला. आत्याम्होरं ओलं हात न्हाई चालायचं." मांडवगणच्या एका लग्नात तर तिनं मांडवाची रोषणाईच अडवून धरली होती. वायर जोडणारा माणूस अनवाणी होता. वरात वेशीपर्यंत आली, बँडवाले घामाघूम झाले, नवरदेवाचा मामा येऊन तणतणला. पण आत्या शिडी धरून उभी. "चपला घाल, मंग चढ. लगीन काय, उद्याबी लागंल." शेवटी नवरदेवाच्या मामाच्याच चपला त्या माणसाच्या पायात गेल्या, तेव्हा कुठं दिवे लागले.

यावर आम्ही हसायचो, पण तिच्या पाठीमागं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याचा नवरा विहिरीवरची मोटर चालू करायला गेला आणि पेटीलाच चिकटला. मुलगा दत्ता तेव्हा अंगावर पीत होता. आत्या धावली, पण बायकांनी तिला मागून घट्ट धरून ठेवलं. धरलं नसतं तर तीही गेली असती. त्यानंतर तिनं मेंढरं विकली, म्हशी घेतल्या, दत्ताला वाढवलं, शिकवलं, शिक्रापूरच्या कंपनीत चिकटवलं. मात्र नवऱ्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या तोंडून त्या माणसाचा विषय म्हणून मी ऐकला नव्हता.

अशा बाईच्या काळजाला नेमका करंटच द्यायची वेळ यावी!

सुरुवात दम लागण्यापासून झाली. वैरणीचा भारा उचलला की तिला खाली बसावं लागे. "छातीत कोंबडी धरल्यावाणी फडफडतंय," असं ती म्हणायची आणि वर ओवा खायची. दत्तानं तिला शिरूरच्या दवाखान्यात आणलं, मीही गेलो. हृदयाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली आणि समजावून सांगितलं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळायचे सोडून नुसते थरथरताहेत, त्यामुळे ठोक्यांचा ताल गेलाय. त्यात रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली, तर लकवा मारू शकतो. म्हणून रक्त पातळ राहायची गोळी सुरू झाली, ठोके हळू करायचीही झाली. पण दम काही थांबेना. तेव्हा बाईंनी दत्ताला आणि मला सांगितलं, की छातीतून एक शॉक देऊन ताल परत जागेवर आणता येईल.

आम्ही दोघांनी बाहेर पॅसेजमध्ये ठरवलं, आत्याला नुसतं 'मशीन लावणार' एवढंच सांगायचं. सांगितलं. ती उठली, सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली आणि टेबलापाशी उभी राहिली.

"मशीन म्हंजी काय वो बाई? करंट का?"

बाईंनी एकदा आमच्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "हो मावशी. करंटच."

"माझ्या मालकाला ज्यानं न्हेलं, त्योच?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तोच. पण किती द्यायचा आणि कोणत्या क्षणी द्यायचा, ते आम्ही ठरवतो. ठोका बघूनच मशीन तो सोडतं. आणि तेवढा वेळ तुम्हाला झोपेचं औषध दिलेलं असतं."

आत्यानं मान हलवली, बाहेर आली आणि गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर काही दिवसांनी धार काढताना तिला असा दम लागला, की तिनं गोठ्यात शेणातच बसकण मारली. त्याच संध्याकाळी मला फोन आला. फोन ती कानापासून हातभर लांब धरते, त्यामुळे बोलते ते न्हावऱ्यातून थेटही ऐकू यावं असं. "जावई, ज्यानं ह्यो करंट घेतलाय आन् जित्ता हाय, असा एक माणूस दावा मला."

असा माणूस दौंडला निघाला. माझ्या ऑफिसातल्या मित्राचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले आप्पा. दत्तानं सुट्टी काढली, आम्ही गेलो. आप्पा दारात उभे होते. आत्यानं पाणीसुद्धा न घेता त्यांना समोर बसवलं.

"दुखतं का?"

"झोपलो, उठलो आन् चहा मागितला. मधलं मला काय ठावं न्हाई."

"आन् उठल्यावर?"

"छातीवर आन् पाठीवर पट्ट्या चिकटवत्यात. तिथं इस्त्रीचा चटका बसल्यागत लाल झालं व्हतं. दोन दिस हुळहुळलं."

"ताल ऱ्हायला का पुन्हा पळाला?"

आप्पांच्या मुलानं डोळ्यांनी खुणावलं, पण आप्पा खरं तेच बोलले. "पळाला की! सहा म्हैने बरा ऱ्हायला, मंग पुन्हा बिघडला. पुन्हा दिला. आता ठीक हाय. पुढचं कुणी सांगावं?"

आत्या उठली. "ह्यो माणूस खोटं बोलत न्हाई," असं तिनं आम्हाला त्यांच्यादेखतच सांगितलं आणि मग पाणी, चहा, पोहे सगळं मागून घेतलं. परत येताना म्हणाली, "घेते करंट."

पण आत्या ती. शॉकच्या आधी रक्त पातळ करायची गोळी तीनेक आठवडे रोज, एकही न चुकवता घ्यावी लागते. घास कापताना विळ्यानं तिचं बोट कापलं, रक्त लवकर थांबेना, तर आत्यानं स्वतःच डॉक्टर होऊन गोळीच थांबवली. "रगात न्हाई थांबत, तर गोळी थांबवायची न्हाई व्हय?" ठरलेल्या दिवशी हे तिनं डॉक्टरीणबाईंना मोठ्या अभिमानानं सांगितलं. बाईंनी तिथल्या तिथं शॉक पुढं ढकलला आणि गोळीचे दिवस पुन्हा पहिल्यापासून धरले. गोळी चुकली की गुठळीची भीती, आणि ताल परत येताना तीच गुठळी सुटून वर जाऊ शकते, हे त्यांनी तिला तिच्याच भाषेत समजावलं. मग मात्र आत्यानं गोळीला म्हशींच्या धारेइतकं महत्त्व दिलं.

तो दिवस उजाडला. रात्रीपासून पोटात काही नव्हतं. आत्यानं नवं लुगडं आणलं होतं, पण दवाखान्याचा गाऊन घालावा लागला, याचा तिला करंटपेक्षा जास्त राग. कॉटपाशी आल्यावर सिस्टर म्हणाली, "मावशी, चपला काढा." आत्यानं खाली पाहिलं, चपला काढल्या आणि भिंतीशी नीट जोडीनं ठेवल्या. मग तिनं दत्ताला जवळ बोलावलं.

"करंट चालू असताना माझ्या अंगाला हात लावायचा न्हाई. मी हालले, तडफडले, तरी न्हाई. शपथ घे."

"कुणीच लावत नाही, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळे बाजूला झाले, की मगच बटण दाबते मी."

"आन् तुमच्या पायात काय हाय?"

बाईंनी पाय पुढं करून आपले बूट दाखवले. आत्यानं ते निरखून पाहिले आणि आडवी झाली.

आम्हाला बाहेर काढलं. दाराला काचेची खिडकी होती. पडद्यावर हिरवी रेघ वाकडीतिकडी, कशीही पळत होती. सुईतून औषध गेलं आणि ज्या बाईला मी कधी दुपारीसुद्धा डोळे मिटून पडलेलं पाहिलं नव्हतं, ती शांत झोपली. सगळे मागं सरले. तिचं अंग एकदा दचकल्यासारखं उसळलं. दत्ताचा हात दारावर होता, तो त्यानं झटक्यानं मागं घेतला. रेघ क्षणभर सपाट झाली. माझ्या आयुष्यात त्या क्षणाइतका लांब क्षण आलेला नाही. मग एक ठोका उठला, तेवढंच अंतर सोडून दुसरा, पुन्हा तेवढंच अंतर सोडून तिसरा. मी देवळात कधी एवढ्या भक्तीनं उभा राहिलो नसेन.

थोड्या वेळानं ती जागी झाली. पहिलं वाक्य, "कवा देताय?"

"दिला, मावशी. झालं सगळं."

आत्यानं छताकडं पाहिलं. मग म्हणाली, "बाई, मला तर काहीच कळलं न्हाई. म्हंजी... त्यास्नीबी काही कळलं नसंल का?"

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. कॉटच्या कडेला बसल्या. "तुम्हाला झोपेचं औषध होतं, मावशी. त्यांचं मला नक्की सांगता येणार नाही. पण असा करंट लागला, की माणसाची शुद्ध फार पटकन जाते. बहुतेक नसेल कळलं."

"बहुतेक," आत्या म्हणाली. तेवढा शब्द तिनं ठेवून घेतला.

संध्याकाळी घरी सोडलं. गोळी चालूच ठेवायची, ताल पुन्हा बिघडू शकतो, फडफडलं की लगेच यायचं, हे सगळं ऐकून आम्ही निघालो. दत्ता गाडी चालवत होता. शिरूर मागं पडलं, दोन्ही बाजूंनी ऊस लागला, आणि मागच्या सीटवर आत्या बोलायला लागली. नवऱ्याबद्दल. तो कसा चालायचा, चिडला की भाकरी कशी उलटी मोडायचा, पावा वाजवता येत नसताना कसा हट्टानं वाजवायचा, आणि मेंढरं पांगली की कशी हाळी द्यायचा. "अशी," असं म्हणून तिनं जीभ टाळूला लावली, एक टाळी वाजवल्यासारखा आवाज काढला आणि त्याच्यामागं एक लांब, खालून वर चढत जाणारी हाळी दिली. अगदी हळू, गाडीपुरती.

दत्तानं गाडीचा वेग कमी केला आणि कडेला घेऊन ती थांबवली. चाळिशीचा बाप्या, बापाचा आवाज त्याला आठवतही नव्हता. आरशात न बघताच तो म्हणाला, "आये, पुन्यांदा कर की."

छातीवर हात ठेवून आत्यानं जरा दम घेतला, आणि पुन्हा केली.