जेवणाच्या सुट्टीतले पेशंट

"मॅडम, आप बाहर वेट कर लीजिए. और पेशेंट्स बैठे हैं."

दातांच्या दवाखान्यातली काउंटरवरची मुलगी हे अगदी हळू बोलली. नम्रपणे. आत एसी चालू होता, सोफ्यावर तीन जागा रिकाम्या होत्या. बाहेर दिल्लीचा मे महिना होता.

माझी मुलगी सम्यका व्हीलचेअरमध्ये होती. नऊ वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय तिचं ऐकत नाहीत, मान एका बाजूला कलते, लाळ गळते. म्हणून मी तिच्या गळ्यात रुमाल बांधते. त्या दिवशी तिचा उजवा गाल सुजला होता. समोरच्या बाईने आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं आणि फोनमध्ये बघायला लागली.

मी काही बोलणार तेवढ्यात माझे बाबा उठले. त्र्याहत्तर वर्षांचे, पोस्टातून रिटायर झालेले, वर्ध्याहून महिनाभरासाठी आमच्याकडे आलेले. भीमजयंतीला स्टेजवर भाषण करणारे. लहानपणी मला सांगायचे, कोणी ऊठ म्हटलं तर आधी विचारायचं, का? तेच बाबा. 'का' न विचारता उठले, व्हीलचेअरचा ब्रेक काढला आणि नातीला घेऊन बाहेर गेले. त्यांच्यामागे मीही गेले.

जनरेटरशेजारी सावलीचा एक तुकडा होता. तिथे आम्ही तिघं उभे राहिलो.

आता माझी चूक सांगते. ती दोन वर्षं जुनी आहे. त्याआधी दोन दवाखान्यांनी आम्हाला "हम ऐसे बच्चे नहीं लेते" म्हणून परत पाठवलं होतं. या डॉक्टरने नाही म्हटलं नाही. म्हणाला, "आप दो बजे आइए. लंच में क्लिनिक खाली रहता है, बच्ची को भी शांति मिलेगी." मला भरून आलं. आमच्यासाठी माणूस जेवण बाजूला ठेवतो, असं मी आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये सगळ्यांना सांगत सुटले. नागपूरहून कोणी येणार असलं की डॉक्टरसाठी संत्रा बर्फी मागवायची. अशा मुलांच्या आयांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी त्याचं गुणगान केलं आणि आणखी तीन आयांना दोन वाजताची वेळ मिळवून दिली. अगदी हौसेने.

त्या वेळेत काय व्हायचं? घाई. सम्यकाला खुर्चीत स्थिर व्हायलाच दहा मिनिटं लागतात. उरलेल्या दहा मिनिटांत थोडी सफाई, आणि "अगली बार देखते हैं". तिला फिट्सचं गोड सिरप दिवसातून दोनदा द्यावं लागतं. त्याने दात किडतात, नंतर तोंड पुसून घ्यायचं असतं, हेसुद्धा मला त्याने कधी सांगितलं नाही. मी दुसऱ्या एका आईकडून ऐकलं, तोवर उजवीकडची दाढ पोखरली होती. पक्की दाढ. पुन्हा न येणारी.

त्या दिवशी मी ऑफिसमधून हाफ डे घेतला होता. गाल बघून राहवलं नाही, म्हणून एक वाजताच पोचलो. लवकर आलो, एवढाच आमचा गुन्हा.

काचेतून आतलं सगळं दिसत होतं. सहा-सात वर्षांचा एक मुलगा खुर्चीतून उतरून जमिनीवर लोळला. किंचाळला. नर्सच्या हाताला चावला, गुळण्या फरशीवर थुंकला. नर्सने हसत फरशी पुसली. डॉक्टरने त्याला फुगा दिला. सोफ्यावरची माणसं कौतुकाने हसत होती. त्याला कोणी बाहेर काढलं नाही.

सम्यका बघत होती. ती एका वेळी एकच शब्द बोलते, तोही ओढून ओढून. म्हणाली, "आत."

मी बाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही उठलात कसे?"

त्यांनी सम्यकाच्या गळ्यातला रुमाल नीट केला. मग म्हणाले, "पाय आपोआपच उठले, बाई. सवय हाय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "शाळेत आमाले पाणी सगळ्यायचं झाल्यावर भेटे. मास्तर म्हणे, तुमच्याच सोयीसाठी हाय, गर्दीत ढकलाढकली नको."

हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली. बाबांची नाही, माझी. बाबांना निदान कळत होतं की आपल्याला बाजूला ठेवलंय. मी शिकले, सरकारी परीक्षा पास झाले, केंद्र सरकारच्या कचेरीत टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे. आणि मी त्याच वागणुकीबद्दल दोन वर्षं बर्फी वाटत होते.

दोन वाजता आत बोलावलं. सोफा रिकामा झाला होता. डॉक्टरने एक्स-रे लाइटवर धरला आणि म्हणाला, "निकाल देते हैं. वैसे भी खाना तो आप मैश करके ही देती होंगी."

सम्यका सगळं ऐकत होती. तिला ऐकू येतं, समजतं. आणि ती चावते. हळू चावते. एका पोळीला अर्धा तास लावते, पण कुस्करलेलं दिलं तर थुंकून टाकते.

नर्सने फॉर्म पुढे केला. दाढ काढायला माझी संमती.

मी पेन हातात घेतलं नाही. विचारलं, "किसी और बच्चे की यही दाढ़ होती तो?"

"तो रूट कनाल."

"तो इसका भी कीजिए."

"तीन-चार सिटिंग लगेंगी. लंच में पॉसिबल नहीं है."

"सुबह कीजिए."

तो हसला. "मॅडम, दूसरे पेशेंट्स अनकम्फर्टेबल होते हैं. आप तो समझदार हैं."

समजूतदार. होतेच मी. दोन वर्षं दुसरं काय होते? मी फॉर्म कोराच परत केला. दुखणं थांबायचं औषध लिहून घेतलं आणि निघाले.

सोमवारी फोन केला. शनिवारची सकाळ फुल आहे, म्हणाले. मग मी दवाखान्याच्या ॲपवर नाव टाकलं. ॲप मूल कसं आहे ते विचारत नाही. शनिवारी अकराची वेळ लगेच मिळाली.

ग्रुपवर सगळं लिहिलं. फरीदाबादच्या एका आईचं उत्तर आलं, "दीदी, आपके चक्कर में हमारा दो बजे वाला भी जाएगा. कितनी मुश्किल से कोई हाथ लगाने को तैयार हुआ है." मला तिचा राग आला नाही. मागच्या आठवड्यापर्यंत मीही हेच म्हटलं असतं.

ते पाच दिवस वाईट गेले. सम्यका फक्त डावीकडून चावायची, मग तेही बंद केलं. गुरुवारी बाबा म्हणाले, "काढून टाक ना, बाई. पोरीचे हाल पाहावत नाहीत." हट्ट माझा आणि कळा तिला, हे मलाही दिसत होतं. आपण चुकतोय का, असं दिवसातून दहादा वाटायचं. पण एक दाढ गेली की पुढची काढताना कोणी विचारणारही नाही, हेही दिसत होतं.

शनिवारी पावणेअकराला पोचलो. मी सम्यकाला व्हीलचेअरमधून उचललं आणि सोफ्यावर मधोमध बसवलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाबा. शेजारची बाई उठून उभी राहिली. राहू दे.

काउंटरवरची मुलगी आली. "मॅडम, डॉक्टर साहब कह रहे हैं, आप दो बजे..."

"ग्यारह का नंबर है. ग्यारह बजे दिखाएँगे."

बाबांनी सोफ्याचा हात घट्ट धरला होता. पण ते उठले नाहीत.

अकरा वाजले. दुसऱ्याच मुलाचं नाव पुकारलं. मी उठून डॉक्टरच्या दारात उभी राहिले. तो म्हणाला, "मॅडम, यहाँ सीन मत कीजिए."

वीस वर्षं मी सरकारी फायली हाताळल्या आहेत. तोंडी नकाराला काही किंमत नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे. पर्समधून कोरा कागद काढून त्याच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "लिखकर दीजिए कि इस बच्ची को सुबह क्यों नहीं देखेंगे. नीचे साइन और मोहर."

त्याने कागदाला हात लावला नाही. मी दार सोडलं नाही. सोफ्यावरची सगळी माणसं बघत होती, आणि मला प्रथमच त्याचं काही वाटलं नाही.

ती दाढ वाचेल की नाही, मला माहीत नाही. त्याने केलं नाही तर दुसऱ्या दवाखान्यात जाईन, तिसऱ्यात जाईन. तिथेही अकरालाच जाईन, सोफ्यावरच बसेन, आणि नाही म्हणणाऱ्याकडून ते नाही लिहून घेईन. सगळ्यांचं झाल्यावर माझी मुलगी आता तोंड उघडणार नाही.