उजवीकडं बसलेला ड्रायव्हर

गॅरेजात नट-बोल्टचा एक डबा असतोच. एकही नट कुणी मुद्दाम ठेवलेला नसतो, तरी डबा भरतो. आमच्या किश्श्यांचंबी तसंच. मी दगडू, चौथीतून पळालेला माणूस, शहागंजात रशीद उस्तादांच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग करायचो. डब्यात हात घातला की पहिली हाताला लागते ती मिर्झासाहेबांची इम्पाला!

*

पोलीस ॲक्शननंतर संस्थान गेलं, मिर्झासाहेबांची जहागीर गेली, शौक तेवढा राहिला. त्यांनी मुंबईहून ही अमेरिकन गाडी आणली. आठ सिलिंडर, समुद्री हिरवा रंग, मागं सहा लाल दिवे. लांबी एवढी, की बॉनेट आमच्या गॅरेजात अन् डिकी शेजारच्या यासीनच्या हॉटेलापुढं!

मिर्झासाहेब सर्व्हिसिंगची गाडी न्यायला आले, तर डिकीवर चार कप अन् भज्यांची बशी.

"यासीन! ये क्या है?"

"साहेब, तुमच्या मेहेरबानीनं एक टेबल वाढलं!"

*

गाडीचं स्टिअरिंग डावीकडं. ही गोष्ट गावाच्या डोक्यात कधी शिरलीच नाही. माझ्या मात्र पहिल्याच दिवशी शिरली.

ईदच्या आधी उस्तादांनी बकरा घेतला. मी म्हणलं, "उस्ताद, बिचारा चालत कशाला येईल?" अन् ट्रायलला काढलेल्या इम्पालात उचलून बसवला पुढं, उजवीकडं. उस्ताद डावीकडं बसून चालवायले, मी मागं दडलेलो.

गुलमंडीवर ट्रॅफिक हवालदारानं पाहिलं. तोंडातली शिट्टी गळूनच पडली! गाडी थांबवली, वाकून पाहिलं, मग पलीकडं उस्ताद दिसले. हवालदारबी आपल्याच मातीतला. शिट्टी पुसत म्हणला, "जाऊ द्या. पण त्याला सांगा, मान आत घेऊन चालव!"

*

एकदा इंजिन मिसफायर करायला लागलं. एक सिलिंडर पेट घेत नव्हता, कुठला ते कळेना. मिर्झासाहेब समोर बसलेले, अन् उस्ताद दोन तास प्लग काढ-घाल करत बसले. मी बाजूला उभा राहून सल्ले देत होतो, म्हणून आणखी एक तास गेला.

तेवढ्यात साहेबांची लेक सलमा त्यांचा डबा घेऊन आली. उभ्या-उभ्या कान दिला.

"चाचा, डाव्या रांगेतला तिसरा."

तोच निघाला!

उस्तादांनी हात पुसले. "मिर्झासाहेब, बेटी को यहाँ छोडो. बदल्यात दगडूला घेऊन जा!"

"नक्को," साहेब म्हणले, "मेरे घर में एक गधा है पहलेसे."

सलमा गाडी चालवायची, अन् झकास चालवायची. उस्तादांनीच शिकवलेली. पण फक्त छावणीच्या मैदानात, गोल-गोल. तिची एकच इच्छा होती, ही गाडी एकदा खुलताबादच्या घाटात चढवायची. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "मैदान तुझं. रस्त्यावर लोक काय म्हणतील?"

मग तिचं लग्न ठरलं. साहेबांनी सांगून टाकलं, लेक सासरी गेली की गाडी मुंबईच्या गिऱ्हाईकाला. लेकीचा रुसवा वाढला, गाडी पुसायचीबी तिनं सोडली.

*

नवरदेव खुलताबादचा शाळामास्तर. सरळ माणूस. असा माणूस दिसला की माझा हात शिवशिवतो. लग्नाआधी तो गाडी बघायला आला. साहेब अन् सलमा दारात उभे.

मी म्हणलं, "मास्तर, बसा की ड्रायव्हरच्या जागेवर!"

तो ऐटीत उजवीकडं बसला. पुढं हात घातला, खाली चाचपलं, सीटमागंबी पाहिलं. मग हळूच मला म्हणला, "भाई, बोलू नका कुणाला, पण तुमचं स्टिअरिंग चोरीला गेलं."

सलमा पोट धरून हसायली! मास्तर लाल झाला, पण तिच्याकडं बघून म्हणला, "खरं सांगू? मला सायकलसुद्धा येत नाही."

"चला," सलमा म्हणली, "निदान खोटं तर बोलत नाहीत."

त्या दिवशी तिनं बऱ्याच दिसांनी फडकं घेतलं अन् गाडी पुसली.

*

निकाह शहरात झाला. दुपारी पाठवणी. साहेबांनी बॉनेटवर हात ठेवला, मग लेकीच्या डोक्यावर. वऱ्हाडाची बस पुढं गेली. उस्ताद गाडी चालवायले, त्यांच्या बाजूला मी, मागं नवरा-नवरी. सलमा खिडकीतून घाटाकडं बघायली.

दौलताबादच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी मी ओरडलो, "उस्ताद, रेडिएटर तापला!"

उस्तादांनी काट्याकडं पाहिलं. काटा जागेवर. माझ्याकडं पाहिलं. गाडी थांबवली.

"जा दगडू, पाणी आण."

मी रिकामा डबा घेऊन गेलो अन् रिकामाच घेऊन आलो. बघतो तर उस्ताद मागच्या सीटवर पाय पसरून! "आव दगडूमियाँ. आज अपन बाराती!"

पुढं डावीकडं सलमा, घुंगट वर केलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. उजवीकडं मास्तर, एका हातानं सेहऱ्याच्या माळा धरलेल्या, दुसऱ्या हातानं दार.

काय चढवली म्हणता! वळणावर समोरून एसटी आली, मास्तरनं डोळे मिटून दुआ सुरू केली. सलमानं गियर उतरवला, आठही सिलिंडर एका सुरात बोलले, अन् ती सबंध घाटभर हसत होती.

गावाच्या वेशीपाशी तिनं घुंगट खाली घेतला, मास्तरनं सेहरा.

दारात अख्खं वऱ्हाड उभं. मास्तरचे थोरले मामू गाडीपाशी आले, उजवीकडचं दार उघडलं, फुलांत तोंड झाकलेल्या भाच्याला पाहिलं, अन् त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की दोन माळा तुटल्या.

"सुब्हानल्ला! सेहरा बांधून घाट चढवला! ऐका रे सगळे, आपल्या खानदानात आज ड्रायव्हर आला!"

डावीकडून, घुंगटातून आवाज आला, "आदाब, मामूजान."