अर्थिंगच्या पट्टीला ऑइलपेंट

बाळांनो, केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ मी तुम्हांला शिकवला होता. सातपूरच्या कारखान्यांत तीच स्थिर वीज रंगकाम करते. पिस्तुलातून उडणाऱ्या रंगाच्या भुकटीवर विद्युतभार असतो, म्हणून ती टांगलेल्या लोखंडी जाळीला मागूनसुद्धा जाऊन चिकटते. मात्र जाळीवर आलेला भार तारेने जमिनीत उतरला पाहिजे. नाहीतर तो साठतो आणि ठिणगी पडते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा असा कारखाना आहे. मागच्या दसऱ्यानंतर त्याने मला कामगारांना हे समजावायला बोलावले. जाळ्या टांगणारी एक बाई म्हणाली, "आजी, हात लावला की लय झटका बसतो."

"सासूपेक्षा कमीच बसत असंल!" कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. मालकही हसला. तिच्या पायाशी जाळ्या पुसायच्या थिनरचा डबा उघडा होता. एक ठिणगी, आणि ती पेटली असती.

मी तारेचा माग काढला. तिचा चिमटा भिंतीवरून जमिनीत जाणाऱ्या अर्थिंगच्या तांब्याच्या पट्टीला लावला होता आणि पट्टी लालभडक! खंडेनवमीच्या पूजेसाठी यंत्रांबरोबर तिलाही ऑइलपेंट फासला होता, वर हळदकुंकू. त्या रंगातून वीज जमिनीत जाणार कशी?

"बाई, पूजेला सगळं नवं दिसायला नको का?" मालक म्हणाला. याच धड्यावर नववीत मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते. आता तो शाल-नारळ घेऊन माझ्याबरोबर फोटो काढायला उभा होता. मला अगदी शिसारी आली.

"आधी पिस्तूल बंद कर. पट्टी घासल्याशिवाय मी शालीला हात लावणार नाही."

त्याने पिस्तूल बंद केले आणि पट्टी घासायला कोणी मिळते का ते बघत राहिला. शेवटी त्या बाईनेच पॉलिशपेपर घेऊन तांबे दिसेपर्यंत पट्टी घासली आणि थिनरचा डबा बाहेर नेऊन ठेवला. काम सुरू झाल्यावर तिने जाळीला एक बोट लावून पाहिले, मग पूर्ण हात. झटका बसला नाही.

यंदा त्याने खंडेनवमीचा फोटो पाठवला. यंत्रांना झेंडूच्या माळा, आणि कोपऱ्यात पट्टी पुन्हा लालभडक. खाली लिहिले होते, 'बाई, तुमचे आशीर्वाद असू द्या.' वाचून किळसच आली. त्याला उत्तर दिले नाही. फोन केला तो जाळ्या टांगणाऱ्या त्या बाईला.

"घासली आजी," ती म्हणाली. "फोटो झाल्या झाल्या घासली. आन् त्यांना सांगू नका, रंगाचा डबा मी घरी आणलाय."