गोठ्याचा अडसर आणि मुशीचं तेल: मालवणात एक बास गिटार जोडताना

मालवणला लोक समुद्र बघायला जातात, मासे खायला जातात, किल्ल्यावर जातात. आम्ही गेलो ते एका जुन्या बास गिटारचं काय करायचं हे ठरवायला. त्यामुळे तारकर्लीच्या शुभ्र वाळूचं वर्णन वाचायला आला असाल, तर आधीच सांगते, ती वाळू मी गाडीच्या काचेतूनच पाहिली.

माझा नवरा शिरीष तरुणपणी ऑर्केस्ट्रात बास वाजवायचा. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. अशा वेळी सगळे गाणाऱ्याकडे बघतात. बास वाजवणारा मागे ड्रमशेजारी उभा असतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मी बघत होते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला चर्चच्या क्वायरमध्ये गायला शिकवलं होतं, त्यामुळे गाण्याच्या तळाशी कोणीतरी उभं असावं लागतं एवढं मला कळत होतं.

लग्नानंतर त्या बासने मला पुष्कळ छळलं. शिरीष हॉलमध्ये वाजवू लागला की एका ठरावीक सुरावर स्वयंपाकघरातल्या कपाटात माझ्या आईच्या चिनी मातीच्या बशा थरथरायच्या. मी ओरडायचे, "शिरीष, बशा!" तो तिकडून ओरडायचा, "सुरात आहेत!" वर्षानुवर्षं हेच.

मग तो स्कूटरवरून पडला. डावं मनगट मोडलं, आत पट्टी बसवली, हाड जुळलं. पण हात पूर्वीसारखा पसरेना. बासचा दांडा लांब असतो. खालचे सूर त्याच्या पार टोकाला, आणि तिथवर त्याची बोटं पोचेनात. दोन वर्षं गिटार पेटीत पडून राहिलं. या दिवाळीत मालवणहून त्याच्या आतेभावाचा, बबनचा, फोन आला. बबनचा साउंडचा धंदा आहे. जत्रांना, लग्नांना स्पीकर लावतो, आणि फावल्या वेळात मोडक्या गिटारांचे भाग काढून त्यांतून नवी गिटारं जोडतो. त्याला सगळं ऐकवल्यावर तो म्हणाला, "घेवन येवा. आखूड करून दितंय."

शिरीषने माझ्यासमोर एवढंच ठरवलं: जमलं तर परत आणायचं. नाही जमलं, तर बबनच्या डब्यांत सुट्या भागांसाठी सोडून यायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

पुण्याहून पहाटे निघालो. कोल्हापूरपर्यंत रस्ता उत्तम. पुढे राधानगरी, दाजीपूर आणि फोंडाघाट. घाट सुंदर आहे, पण खड्डे इतके की मागच्या सीटवरचं गिटार दर वळणाला कण्हत होतं आणि शिरीष दर वळणाला मागे वळून बघत होता. गाडी मी चालवत होते म्हणून बरं. कणकवलीनंतर कसालला उजवीकडे वळायचं, तिथली पाटी चुकवू नका. आम्ही चुकवली. कसालच्या बाजारात परत येऊन चहा प्यायलो, सोबत गरम कांदाभजी. मालवणला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.

बबनच्या घरी उतरायला जागा नव्हती. म्हणजे घर मोठं आहे, पण प्रत्येक खोलीत बिस्किटांचे पत्र्याचे डबे: एकात गिटारच्या चाव्या, एकात तारा अडकवायचे ब्रिज, एकात तारांची भेंडोळी. खाऱ्या हवेने लोखंड सहा महिन्यांत गंजतं म्हणून सगळं खोबरेल चोळून ठेवलेलं. त्याची बायको शालन मला म्हणाली, "वयनी, ह्या घरात भांडी कमी नि स्क्रू जास्ती. परवा फोडणीत मोहरी म्हणान घातलंय, तर तडतडाक नाय!"

आम्ही जवळच एका घरगुती लॉजमध्ये खोली घेतली. साधी, स्वच्छ, सहाशेच्या आसपास. जेवण मात्र शालनकडेच: बांगड्याचं तिखलं, भाकरी आणि सोलकढी. त्या रात्री मला वाटलं की सगळं सुरळीत होणार.

सकाळी गेलो तर ओटीवर चटई अंथरलेली आणि तिच्यावर शिरीषचं गिटार. सुटं. दांडा इकडे, धड तिकडे, चाव्या वाटीत, तारांचा आवाज पकडणारा पिकअप वर्तमानपत्रावर. कोणाला न विचारता.

"बबन, अरे आधी बघायचं तरी ना!" मी म्हटलं.

"वयनीनू, खोलल्याशिवाय बघतलंय कसा?"

शिरीष चटईसमोर खुर्चीत बसून राहिला. ज्या गिटारवर त्याने कधी मला धूळसुद्धा पुसू दिली नव्हती, त्याचे ते तुकडे. बबनने त्याचा डावा हात स्वतःच्या हातात घेऊन वळवून बघितला, एखादा भाग तपासावा तसाच, आणि निकाल दिला: "दादानू, हो दांडो तुमका लांब. आखूड दांडो व्हयो. नि धड जड आसा, ता तासून हलका करूया."

आखूड दांडा घरातल्या एकाही डब्यात नव्हता. तो रेडीला होता, एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे. धड तासायला बबनने गावातल्या होड्या बांधणाऱ्या मेस्त्रींकडे पाठवून दिलं. "होड्या बांधणाऱ्याकडे?" मी विचारलं. "मगे? लाकूडच मां ता." पिकअपची एक तार तुटली होती, ती जोडायची तर भारनियमन. बबनने कथिल वितळवायची डागणी चुलीच्या निखाऱ्यात खुपसली. चुलीवर शालनचा भात होता. "शिरा पडली तुझ्या गिटारार!" ती आतून कडाडली. "भातात कथिल पडला तर तूच खा!"

तिसऱ्या दिवशी रेडी. कुडाळवरून वेंगुर्ला, शिरोडा आणि मग रेडी. नकाशावर जवळ दिसतं, अर्धा दिवस जातो. शिरोड्यानंतर लोहखनिजाचे ट्रक सुरू होतात. लाल धुळीने झाडं लाल, घरं लाल, आमची पांढरी गाडी लाल. काचा बंद ठेवा. यशवंतगड रस्त्यावरूनच पाहिला. वडाच्या मुळांनी भिंती अशा धरून ठेवल्या आहेत की कोण कोणाला उभं ठेवतंय ते कळत नाही. मला उतरायचं होतं. बबन म्हणाला, येताना. येताना अर्थातच उतरलो नाही.

ऑर्केस्ट्रावाले गृहस्थ आता गाई पाळतात. "दांडो आसा मां," असं म्हणत त्यांनी आम्हाला मागे गोठ्याकडे नेलं. दांडा गोठ्याच्या दाराला आडवा लावलेला होता, अडसर म्हणून. सुरांच्या पितळी पट्ट्या जागच्या जागी. आत लोखंडी सळई असल्यामुळे बाणासारखा सरळ. शिरीष पुढे झाला आणि त्याने तिथेच, दाराला लावलेल्या स्थितीत, दांड्यावर डावा हात ठेवून बघितला. पहिल्या पट्टीपर्यंत बोट पोचलं. मी ते बघितलं.

"न्हेवा," गृहस्थ म्हणाले, "पण मगे गोठो कशान बंद करू?"

"काठी लाव खंयची तरी," बबन म्हणाला.

"बबन्या, काठी गाय मोडता. ह्यो दांडो मोडूक नाय इतक्या वर्सांत. गाय काय तुझो बापूस राखतलो?"

मग पाऊण तास आम्ही तिघं रेडीच्या रस्त्यांवर गोठ्याचा अडसर शोधत फिरलो. हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी पाइप मिळाला, तो लांब निघाला, तो कापायला पुन्हा वीज नाही. शेवटी करवतीने हाताने कापला. मी गाडीत बसून उकडलेल्या शेंगा खाल्ल्या आणि आयुष्यात आणखी कोणकोणत्या गोष्टी सरळ मार्गाने होत नाहीत याचा विचार केला. परत निघताना गाईने मला शिंगाने हलकेच ढोसलं.

चौथ्या दिवशी किनाऱ्यावर मेस्त्रींकडे गेलो. नारळीच्या झापांच्या मांडवात एक होडी अर्धी बांधून उभी होती, तिच्या सावलीत मेस्त्री बसलेले. त्यांनी धड खरोखर सुरेख तासलं होतं. जुन्या ब्रिजची भोकं अशी बुजवली होती की बोटाला लागत नव्हती. धड चमकत होतं. आणि मग वारा फिरला.

"हा वास कसला?" मी विचारलं.

"तेलाचो," मेस्त्री समाधानाने म्हणाले. "दोन हात मारलंय."

मुशी, म्हणजे शार्क माशाच्या यकृताचं तेल. खाऱ्या पाण्याने लाकूड कुजू नये म्हणून होडीला पाजतात ते. शिरीषच्या गिटारला त्यांनी ते आतून-बाहेरून, खाचाखोचांतून, प्रेमाने पाजलं होतं.

"अहो, हे गिटार आहे! हे पुण्याला न्यायचंय! हॉलमध्ये!"

"मगे?" मेस्त्रींना माझा राग कळेना. "लाकूड रवाचा तर तेल पियाकच व्हया."

मी बबनकडे वळले. बबन मान डोलावत होता. "बरा केल्यानी. आता शंभर वर्सा बघूक नको." हा माणूस वीस वर्षं गिटारं जोडतोय! मी इतकी चिडले की मराठी सोडून इंग्रजीत बोलू लागले, शाळेत सिस्टर रागवायच्या तशी, शांत आवाजात एकेक शब्द तोडून. कोणावर काहीच परिणाम झाला नाही. एक मांजर येऊन धडाला अंग घासू लागलं.

मी शिरीषकडे बघितलं. मला वाटलं, आता तो म्हणेल, राहू दे, इथेच सोडू. तो खाली वाकला, धडाचा वास घेतला आणि म्हणाला, "दांडा बसवून तर बघू."

रेडीच्या दांड्याचं बूड खाचेत बसेना. मेस्त्रींनी पटाशीने दोन पापुद्रे काढले, बसलं. ब्रिज नव्या जागी हवा होता. बबनने मला दोरी धरायला लावली: दांड्याच्या टोकापासून बाराव्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून पुढे ब्रिजपर्यंत. हे एवढं सोपं गणित शिरीषने मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. तारा चढल्या. शिरीष हात पुढे करणार, तोच मेस्त्री म्हणाले, "रवा. गाराणा घालूक व्हया."

इकडे कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. मेस्त्रींनी होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेशी, नारळ ठेवला, हात जोडले आणि समुद्राकडे तोंड करून खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो पुण्याचो झिल तुझ्या पुढ्यात उभो आसा..."

"होय म्हाराजा!" बबन.

"तेचो हात मोडलो. वाजवक जमना नाय म्हणान दोन वर्सा तो गप रवलो. कोणाक बोललो नाय..."

"होय म्हाराजा!"

"तेच्या हाताक बळ दी. नि तेच्या घरकारणीक राग इलो हा, तो शांत कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हे बबन जरा जास्तच जोरात म्हणाला.

आमच्या चॅपलमध्ये आमेन म्हणायचो, ते हळू आवाजात, डोळे मिटून. इथे माझ्या नवऱ्याचं दुखणं एक परका माणूस भर दुपारी समुद्राला ओरडून सांगत होता. शिरीष मान खाली घालून उभा होता. दोन वर्षांत घरात आम्ही दोघांनी जे एकदाही मोठ्याने उच्चारलं नव्हतं, ते असं तीन वाक्यांत उरकलं. मीही शेवटचं "होय म्हाराजा" म्हटलं. काय करणार?

बबनने सोबत आणलेल्या अॅम्प्लिफायरला वायर जोडली. बटण दाबलं. लाइट गेली.

मी आता हसूही शकत नव्हते. विजेशिवाय बास म्हणजे रबर बँड. शिरीषने तार छेडली, समोरच्या लाटेतच ती बुडाली. तेव्हा मेस्त्री उठले आणि त्याला खांद्याला धरून होडीकडे घेऊन गेले. "हिका टेकवा."

शिरीषने गिटारचं डोकं होडीच्या पोकळ कुशीला टेकवलं आणि खालची तार छेडली.

होडी बोलली. खोल, जाड, पोटातून. मी फळीवर हात ठेवला होता तो थरथरला. शिरीषने पहिल्या पट्टीवर बोट दाबलं, मग तिसऱ्या. सावकाश. करंगळी अजून वळत नव्हती, एक सूर फाटला, त्याने पुन्हा घेतला. तीन-चार सुरांची ती एक जुनी चाल होती, गॅदरिंगमधली. मेस्त्रींनी दुसऱ्या बाजूने फळीला कान लावला होता. मांजर निघून गेलं.

"घेवन जावा," बबन म्हणाला, जणू आम्ही विचारलं होतं.

परतीचा प्रवास काचा उघड्या ठेवून केला. गिटार दोन चादरींत आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं होतं, तरी कोल्हापूरला जेवायला थांबलो तेव्हा शेजारच्या गाडीतल्या बाईंनी विचारलं, कुठल्या बाजारातून आणले मासे? सोसायटीच्या वॉचमनला वाटलं, आमचा फ्रिज बिघडलाय. तुम्ही असलं काही करायला मालवणला जाणार असाल, तर माझा सल्ला एवढाच: धड कोणाच्याही हाती देण्याआधी तेलाचं विचारून घ्या.

आता महिना झाला. हॉलमध्ये ऊन आलं की मुशीचा वास अजून येतो. शिरीष रोज संध्याकाळी थोडं वाजवतो. करंगळी दुखते, तेव्हा थांबतो. दांड्यावर एका जागी गाईने चाटून गुळगुळीत केलेलं आहे, तिथे अंगठा छान बसतो म्हणे.

काल तो वाजवत होता आणि मी स्वयंपाकघरात होते. तो नेमका सूर आला, परत आला, आणि बशा गप्प. मला राग आला. इतका खटाटोप केला, आता या बशांना काय झालं? कपाट उघडलं तेव्हा आठवलं. दोन वर्षांपूर्वी, गिटार पेटीत गेल्यावर, सफाई करताना मी दोन-दोन बशांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालून ठेवले होते, ओरखडे पडू नयेत म्हणून.

एकेक कागद काढला. बशा पुन्हा एकमेकींवर ठेवल्या, कपाट लावलं, थांबले.

मग जोरात ओरडले, "शिरीष, बशा!"