धाकट्या जावेचा कॉम्प्युटर

खोटं कशाला बोलू, माझी धाकटी जाऊ माझ्या डोळ्यांत सलायची. कोपरगावात आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. तिथं बारा वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून माझी बोटं काळी झाली. आणि ही राजूरची पोरगी, नगरला सहा महिन्यांचा कोर्स केलेली, नव्याण्णव साली लग्न होऊन आली काय आणि सासऱ्यांनी तिच्यासाठी कॉम्प्युटर आणला काय! खिळे भंगारात गेले, मी चुलीपाशी. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "धाकट्या वहिनी हायत का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

इंटरनेट आल्यावर तर हिचं शहाणपण विचारूच नका. मला सांगायची, "ताई, वेबसाइटचं पान म्हणजे नुसती चित्रं नसतात. त्यामागं लपवलेले हुकूमही असतात, आपलं मशीन ते निमूट पाळतं. अनोळखी पान 'काही चालवू का' विचारायला लागलं, की नो दाबायचं. भांडीवालीला आपण ओट्यावर बसवतो, माजघरात घेतो का?" रोज संध्याकाळी सगळं काम फ्लॉपीवर उतरवून कपाटात ठेवायची. मोठी आली मास्तरीण!

एकदा ती माहेरी गेली, म्हणून दुकानात मी बसले. गुरुवार होता, माझा उपास. तिच्या ई-मेलात कुणा अनोळख्याचं पत्र पडलेलं: इथं दाबा, साईबाबांचं दर्शन घ्या. तिनं ते तसंच ठेवलेलं. म्हटलं, बघा, हिला देवाचंही सोयरसुतक नाही! मी दाबलं. बाबांचा फोटो आला आणि त्यावर एक चौकट. हे पान तुमच्या मशीनवर काही चालवू पाहतंय, धोका असू शकतो. यस की नो? तिचं बोलणं आठवलं, अगदी शब्दन्‌शब्द आठवलं. पण गुरुवारी, उपाशीपोटी, बाबांना नाही म्हणू? आणि तिचं ऐकायचं म्हणजे माझीच हार. यस दाबलं, हात जोडले. डोळे उघडले तर पडदा निळा. बंद करून पुन्हा चालू केलं, तर एकही पत्रिका जागेवर नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली तशी सासरे कडाडले, "ऐन लग्नसराईत तोंडघशी पाडलंस! काय करून गेल्तीस?"

"मामा, मी काहीच केलं नाही. सगळं फ्लॉपीवर आहे, संध्याकाळपर्यंत परत उभं करते," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की ते मी केलं. मी मिठाची गुळणी धरून बसले.

"काय बी नको. ते डबडं इका, पत्रिका नगरावरनं छापून आणू," सासरे म्हणाले. आठवड्यात कॉम्प्युटर गेला. तीही चुलीपाशी आली, माझ्या शेजारी. चुगली नाही, रडणं नाही, निमूट पीठ मळायला बसली. मला हवं होतं तेच झालं होतं.

पहिल्याच दिवशी तिची भाकरी तव्यावर टम्म फुगली. सासऱ्यांनी तुकडा मोडला आणि म्हणाले, "अशी भाकर या घरात पैल्यांदाच खातोय बघ."

माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.