सुतकातली सभा

मधुकरभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी शनिवारच्या व्याख्यानाला अकोल्याहून येणाऱ्या वक्त्यांची जेवणाची सोय बघत होते. फोन त्यांच्या मुलाचा, मिलिंदचा. "ताई, बाबा गेले. झोपेतच." कधी नेणार, एवढे विचारून मी फोन ठेवला आणि लगेच मनात आले, शनिवारचे काय करायचे? कुणाला हे कोरडे वाटेल. पण अमरावतीतल्या आमच्या आकाश मंडळाचे भाऊ अध्यक्ष, मी चिटणीस, आणि महिन्याची सभा रद्द होत नाही हा नियम त्यांचाच.

भाऊंचा फुलांचा धंदा. घरचा मळा, बाजारात दुकान. एका ग्रहणाला त्यांनी वेल्डिंगच्या काचेतून रस्त्यावरच्या लोकांना सूर्य दाखवला. दाखवता आला, पण लोकांनी प्रश्न विचारले तेव्हा समजावून सांगता येईना. म्हणून ते सांगणारा माणूस शोधायला निघाले आणि त्यातून मंडळ झाले. भर पावसात एकदा श्रोते म्हणून आम्ही तिघेच होतो. वक्ते अवघडले. भाऊ म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक नसलं तरी दुकान उघडं असते. तुमी बोला." त्यांची आई गेली तेव्हा दहावा व्हायचा होता, तरी ते आले. बाहेर व्हरांड्यात स्टूल टाकून बसले. "मले शिवू नका, पण तुमचं चालू द्या."

इथपर्यंत माणूस सरळ आहे. घोटाळा पुढे आहे. माझे वडील अकोल्यात, जुन्या शहरातल्या घरी वारले, तो दिवस नेमका सभेचा होता. मी हॉलच्या किल्ल्या दुसऱ्या सभासदाकडे पाठवल्या, वक्त्यांची ओळख लिहून दिली आणि निघाले. दुपारी बघते तर मोर्णा नदीच्या पुलावरून जीप करून भाऊ आणि अर्धे मंडळ आमच्या दारात!

"अन् सभा?" मी विचारले.

"रद्द केली."

"कावून? मी सगळी व्यवस्था लावून आली होती न!"

"तुमचा बाप गेला अन् आमी तिकडं शनीची कडी पाहून राहिलो असतो काय?"

"तुमच्या आईच्या वेळी पाहिलीच होती."

भाऊंनी चप्पल काढली आणि आत जाऊन माझ्या आईजवळ बसले… मी पुढे पुष्कळदा कारण विचारले, तर "सोडा न ताई," एवढेच.

आता ते स्वतः गेल्यावर यातला कुठला दाखला धरायचा? सभासदांत दोन तट पडले. कुणी म्हणे नुसती शोकसभा घ्या, कुणी म्हणे हॉलला कुलूप राहू द्या. मिलिंद म्हणाला, "तुम्हीच ठरवा." मी सभा घेतली. दोन मिनिटे उभे राहिलो आणि मग धूमकेतूंवरचे व्याख्यान ठरल्याप्रमाणे झाले. स्तब्धता संपताच एक जुने सभासद उठले. "हे बरं नाही केलं बाई तुमी," म्हणाले आणि निघून गेले. व्याख्यानात काय सांगितले, ते मला आज आठवत नाही.

तेरवीला गेले. भाऊंच्या पत्नी, वहिनी, पंगतीत वाढत होत्या. माझ्यापाशी थांबल्या.

"सभा घेतली म्हणे."

"हो."

"लोकं होते?"

"हॉल भरला होता."

त्यांनी पानात आणखी भाजी वाढली आणि पुढे गेल्या. हा राग होता, की नुसती चौकशी? त्या वाढण्यावरून मला काहीच ठरवता येईना. हिशेब लागला नाही की मला झोप येत नाही, आणि हा हिशेब काही लागेना. सभा घेऊन मी भाऊंचा नियम पाळला होता, की त्यांच्या बायकोचे दुःख पायदळी तुडवले होते, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. तोच नव्हता.

परवा पुढची सभा होती. जाता जाता दुकानाकडे नजर गेली. शटर अर्धे खाली. सभेच्या दिवशी भाऊ असेच अर्धे ओढून, वक्त्यांचा हार घेऊन निघत. मी वाकून आत पाहिले. वहिनी भाऊंच्या जागेवर बसून शेवंती ओवत होत्या.

"या. वक्त्याचा हार न्या," त्या म्हणाल्या. "मांगच्या बारीले कोणी आलंच नाही न्यायले. मी ओवून ठेवला होता."

"सुतकात?"

"मळ्यातून फुलं तं येतच होती."

मागचा तो हार वक्त्यांसाठी होता, की सभेत भाऊंच्या फोटोला घालायचा होता… विचारावेसे वाटले. वहिनींनी दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला, हारावर पाणी शिंपडले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"जा लवकर," म्हणाल्या. "उशीर झालेला त्याईले चालत नाही."