मास्तरांच्या बाजूचं पेडल

सायकलचं पेडल माणसाला पुढे नेतं, शिलाई मशीनचं सुई पळवतं. आमच्या नाटक कंपनीतल्या पायपेटीचं पेडल भात्यात हवा भरायचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचं पेडल मात्र एकच काम जाणायचं: दुसऱ्याच्या हातातली गाडी थांबवणं.

रंगमंच सुटल्यावर उतारवयात मला गाडी शिकायची हौस आली, तेव्हा हा माणूस भेटला. शिकणाऱ्याच्या शेजारी त्यांची जागा आणि पायाशी जादा ब्रेक. त्या उजव्या पायाला स्वस्थता म्हणून नव्हती. जेवताना टेबलाखाली, डॉक्टरकडे खुर्चीत, पाय आपला दाबतोच आहे. बायको म्हणायची, "झोपेतसुद्धा मला ब्रेक मारतात."

मास्तरांची मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकत होती. दवाखान्याची गाडी चालवायची नोकरी तिच्यासाठी थांबली होती, पण परवान्याच्या परीक्षेत ती दोनदा आपटली होती. आता तिसऱ्यांदा नापास, तर नोकरी दुसऱ्याला.

त्या दिवशी मी मागे बसून माझ्या पाळीची वाट पाहत होतो. गल्लीतून एक सायकलवाला सुसाट आला आणि गाडी गचकन थांबली. मास्तरांचा पाय.

"लक्ष कुठे असतं तुझं?"

"माझा पाय निघाला होता, बाबा. तुमचा आधी पोचला."

"पोचला म्हणून वाचलो."

"आणि म्हणूनच मी नापास होते. परीक्षेला शेजारी साहेब बसतात, ते कशाला दाबतील? मला आपली सवय, गाडी आपसूक थांबायची."

मला कुठे गप्प बसवतंय. म्हटलं, "मास्तर, आमच्याकडे एक प्रॉम्प्टर होता. नटाने श्वास घेतला की हा पुढचं वाक्य सांगून मोकळा. अख्ख्या कंपनीचं पाठांतर बुडालं हो."

"नाना, तुमच्यात फार तर टाळ्या जातात. इथे हातपाय जातात."

पण थोड्या वेळाने त्यांनी बूट काढले आणि त्या अरुंद सीटवर चक्क मांडी घातली. गुडघा गिअरला टेकत होता. "घे बाजाराच्या रस्त्याला," म्हणाले.

बाजारात समोरचा एक ट्रक न बघता मागे येऊ लागला. मास्तरांनी स्वतःची मांडी दोन्ही हातांनी दाबून धरली. माझेच पाय मागे ब्रेक शोधत होते. ट्रक वाढत गेला, काच भरून गेली आणि गाडी थांबली. मास्तरांच्या कपाळावर घाम होता.

"उशीर केलास."

"थांबली ना?"

"थांबली," ते म्हणाले. मांडी काही सोडली नाही. "आणखी एक फेरी मार."

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघे फाटकाबाहेर उभे होतो. उभे कसले, मास्तर येरझाऱ्या घालत होते आणि मी त्यांच्यामागे. गाडी परत आली. मुलगी उतरली, साहेबांनी सही केलेला कागद तिने वर धरला. तिला जवळ घ्यायचं सोडून मास्तरांनी विचारलं,

"ब्रेक कुठे लावलास?"

"वळणावर. एक म्हातारी रस्त्यात उतरली होती."

"वेळेवर?"

"तुमच्या मानाने उशिरा, बाबा. म्हातारीच्या मानाने वेळेवर."